डाएट चालू असताना आवडीचं कसं खायचं, तेही वजन उतरत ठेवून

वजन कमी करायचं ठरलं की बहुतेक जण पहिला नियम स्वतःला हाच घालतात, गोड बंद, तळलेलं बंद, बाहेरचं बंद, आजपासून कायमचं. पहिले दोन आठवडे भारी जातात, काटाही खाली येतो, उत्साह असतो. मग कुणाचा तरी वाढदिवस येतो किंवा ऑफिसमध्ये फार वाईट दिवस जातो आणि एक केकचा तुकडा खाल्ला जातो, आणि खरी गडबड त्या तुकड्यानंतर सुरू होते. "आता मोडलंच आहे तर आज खाऊन घेऊ, सोमवारपासून परत बघू" असं म्हणत तो सोमवार कधी दोन महिन्यांनी येतो. मला या विषयावर मनापासून लिहावंसं वाटतं कारण कितीतरी चांगले, मेहनती लोक इथेच स्वतःला नालायक समजून सगळं सोडून देतात, आणि खरं म्हणजे त्यांच्यात कमी काहीच नसतं, नियमच मोडेल असा केलेला असतो.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. १९७५ साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक या संशोधकांनी एक प्रयोग केला होता, त्यात काही जणींना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग चव बघायच्या निमित्ताने आइस्क्रीम समोर ठेवलं, हवं तेवढं खा म्हणून. ज्यांचं खाण्यावर सतत बंधन नव्हतं त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, पोट भरलेलं होतं ना. पण ज्या नेहमी डाएटच्या विचारात असायच्या त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर उलट जास्त आइस्क्रीम खाल्लं. आजचा दिवस वाया गेलाच, मग आता कशाला थांबायचं, असा सगळा हिशोब. हर्मन आणि जॅनेट पॉलिव्ही यांनी पुढे यावर बरंच काम केलं. त्याच्याही आधी दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत मिनेसोटामध्ये अॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता, त्यातली मुलं दिवसभर खाण्याचाच विचार करायला लागली, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची. तो प्रयोग फार टोकाचा होता हे मान्य, पण शरीराला खूप दिवस तोडून ठेवलं की डोकं खाण्याभोवतीच फिरतं, हे त्यातून लख्ख दिसलं. वजन उतरायला लागलं की पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन हे हार्मोन कमी होतं आणि भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, म्हणजे तुम्हाला जास्त खावंसं वाटतंय यात तुमच्या चारित्र्याचा काही संबंध नाही.

तर करायचं काय, की आवडीचं खाणं हिशोबात आधीच धरायचं. सगळ्या गोष्टीची चावी "आधीच" या शब्दात आहे, कारण ठरवून खाल्लेलं आणि न ठरवता तुटून खाल्लेलं, दोन्हीत कॅलरी सारख्या असल्या तरी त्यानंतर तुम्ही काय करता ते पूर्ण वेगळं असतं.

आधी आकडे बघू, कारण आकडे कळले की भीती निम्मी कमी होते. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. समजा तुमचं वजन आहे तिथे टिकवायला दिवसाला २२०० लागतात आणि तुम्ही १८०० खाताय, म्हणजे रोज ४०० ची तूट, आठवड्याला २८००. या वेगाने एक किलो उतरायला कागदावर १९-२० दिवस लागतील. आता त्यात दर आठवड्याला एकदा ४०० कॅलरीची जास्तीची ट्रीट टाका, तूट २४०० राहिली, तर तोच किलो उतरायला २२-२३ दिवस लागतील. म्हणजे फरक किती, तर एका किलोमागे तीनेक दिवसांचा. तीन दिवस उशीर आणि बदल्यात तुम्ही सहा महिने टिकून राहताय, हा सौदा मी तरी डोळे झाकून घेईन. (प्रत्यक्षात शरीर इतकं सरळ गणित करत नाही, वजन कमी होत गेलं की लागणाऱ्या कॅलरीही कमी होतात, पण अंदाजाला हे चालतं.)

आणि तुम्हाला उशीरही नको असेल तर आठवड्याचं बजेट धरा. १८०० गुणिले सात म्हणजे १२६००. सहा दिवस १७५० खाल्लं तर सातव्या दिवसाला २१०० उरतात, म्हणजे रोजच्यापेक्षा ३०० जास्त आणि आठवड्याची बेरीज तीच. रोजचे ५० कमी करणं म्हणजे एक चमचाभर तेल जरा कमी, एवढंच, कळतही नाही. पगारातून थोडे बाजूला काढून ठेवल्यासारखं आहे हे.

आता चीट डे बद्दल, कारण खूप जण ट्रीट म्हणजे चीट डे समजतात आणि माझं मत इथे अगदी स्पष्ट आहे, अख्खा दिवस मोकळा सोडू नका. सहा दिवस ४०० ची तूट ठेवली तर २४०० झाले. सातव्या दिवशी सकाळपासून "आज सगळं चालतंय" म्हणून सुरुवात केली, दुपारी पिझ्झा, संध्याकाळी चिप्स आणि कोल्ड ड्रिंक, रात्री बाहेर जेवण आणि वर आइस्क्रीम, तर ४८०० पर्यंत पोचणं अजिबात अवघड नाही, आणि ते तुमच्या २२०० पेक्षा २६०० ने जास्त आहे. आठवड्याची सगळी तूट गेली, वर २०० चढले. मग लोक म्हणतात मी तर सहा दिवस इतकं नीट खातो तरी वजन हलत नाही. शिवाय "चीट" म्हटलं की आपण काहीतरी चोरून करतोय असं वाटतं आणि चोरी करताना माणूस घाईत असतो, चव घेत नाही. एक जेवण किंवा एक पदार्थ, वेळ ठरलेली, बास.

किती वेळा? आठवड्यातून एकदा मोठी किंवा रोज छोटी, दोन्ही चालतं, तुमचा स्वभाव बघून ठरवा. काहींना रोज रात्री जेवणानंतर दोन चौकोन चॉकलेट मिळणार हे माहीत असलं की दिवस शांत जातो. २० ग्रॅम चॉकलेट म्हणजे साधारण ११० कॅलरी, हे कुठल्याही डाएटमध्ये बसतं. काहींना मात्र दोन चौकोनांनी फक्त चाळवतं, त्यांनी रोजच्या भानगडीत पडू नये, आठवड्यातून एकदा नीट बसून खावं. दिवसाच्या कॅलरीतल्या दहाएक टक्के अशा आवडीच्या गोष्टींना ठेवल्या तर बाकीच्या नव्वदमध्ये प्रोटीन, भाज्या, फळं, डाळी, धान्य सगळं बसवता येतं. साखरेसाठी मात्र जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लक्षात असू द्या, वरून घातलेली किंवा रस, मध यांतली साखर एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत, आणि जमलं तर ५ टक्क्यांच्या आत, जे बहुतेक मोठ्या माणसांसाठी २५ ग्रॅमच्या आसपास येतं. कोला‍च्या ३३० मिलीच्या एका कॅनमध्येच ३५ ग्रॅम साखर असते. म्हणून पिण्यातली साखर ही माझ्या मते सगळ्यात वाया गेलेली ट्रीट, दोन मिनिटात संपते, पोट भरत नाही आणि कॅलरी पूर्ण लागतात. अर्थात कुणाला खरंच तेच जीव की प्राण असेल तर त्याने तेच घ्यावं, छोटं घ्यावं.

यावरून पुढचा मुद्दा, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे. काय खायचं हे निवडायला शिका. आपण दिवसभरात जे जास्तीचं खातो त्यातलं बरंचसं आपल्याला धड आवडतही नसतं, समोर होतं म्हणून खाल्लं, मीटिंगमध्ये बिस्किटांची प्लेट फिरली म्हणून दोन उचलली, मुलांच्या ताटात उरलं म्हणून संपवलं, पार्टीतला कोरडा केक केवळ नाही म्हणायला बरं वाटत नाही म्हणून घेतला. या सगळ्यात आनंद शून्य आणि कॅलरी भरपूर. एक दिवस निवांत बसून यादी करा, मला जगात खाण्याच्या कुठल्या पाच-सहा गोष्टी मनापासून आवडतात. त्या यादीतलं असेल तरच ती ट्रीट, बाकीच्याला सरळ नको म्हणायचं. हे केल्यावर खूप जणांच्या लक्षात येतं की सोडायचं ते भलतंच होतं आणि ज्याच्यासाठी जीव तुटत होता ते ठेवायला भरपूर जागा आहे. आणि आवडीच्या गोष्टीचा नकली अवतार आणून स्वतःला फसवू नका. आइस्क्रीम हवं असताना गाजर खाल्लं, मग दही खाल्लं, मग शुगर-फ्री बिस्किटं खाल्ली आणि शेवटी आइस्क्रीमही खाल्लंच, हा प्रकार घरोघरी चालतो, सरळ आइस्क्रीम खाल्लं असतं तर निम्म्यात भागलं असतं. शुगर-फ्री लिहिलंय म्हणजे कॅलरी-फ्री असं नसतं, साखर काढली तरी फॅट तसंच असतं आणि फॅटच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, साखरेच्या एका ग्रॅमला ४. त्यात साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते माल्टिटॉलसारखे पदार्थ असले तर त्यांनाही थोड्या कॅलरी असतातच, आणि जास्त झाले की पोट बिघडतं ते वेगळं.

प्रमाणाचं म्हणाल तर पाकिटातून थेट कधीच खाऊ नका, एवढा एक नियम पाळला तरी अर्धं काम होतं. वाटीत काढा, पाकीट बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवा आणि मग बसा. चिप्सच्या १०० ग्रॅमला ५३० ते ५५० कॅलरी असतात, ३० ग्रॅम वाटीत घेतले तर १६० च्या आसपास, हे परवडतं, पण टीव्हीसमोर मोठं पाकीट घेऊन बसलात तर ते मालिकेच्या पहिल्या ब्रेकपर्यंतच पुरतं. लेबल वाचताना "प्रति सर्व्हिंग" आणि "प्रति १०० ग्रॅम" यातला फरक नक्की बघा, पाकिटावर ठळक लिहिलेला छोटा आकडा बऱ्याचदा एका सर्व्हिंगचा असतो आणि आत अशा तीन-चार सर्व्हिंग असतात. आइस्क्रीम मिलीमध्ये विकतात आणि त्यात बरीच हवा असते, म्हणून १०० मिली म्हणजे १०० ग्रॅम समजू नका, वजन त्याच्यापेक्षा कमी भरतं. शक्यतो घरात मोठा डबा आणूच नका, एकाला पुरेल एवढं छोटं आणा, महाग पडतं थोडं पण डबा फ्रीजमध्ये असला की रात्री अकराला तो हाका मारतो. त्याहून चांगलं म्हणजे बाहेर जाऊन एक स्कूप खाऊन यायचं, संपलं की संपलं, घरी दुसरा स्कूप नसतो.

खायची वेळ पण महत्त्वाची. उपाशीपोटी ट्रीटला हात घालू नका. संध्याकाळी ट्रीट आहे म्हणून दुपारचं जेवण टाळणारे लोक संध्याकाळी ठरवल्याच्या तिप्पट खातात, कारण तेव्हा भूक निर्णय घेत असते. आधी नेहमीचं जेवण, त्यात प्रोटीन आणि भाजी नीट, आणि त्याच्यावर गोड. पोट भरलेलं असूनही गोडाला जागा कशी होते हे सगळ्यांना माहीत आहे, त्याला कारण आहे, आपण एका चवीला कंटाळलेलो असतो पण नवी चव आली की परत इच्छा जागी होते, बार्बरा रोल्स या संशोधिकेने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला यावर प्रयोग केले होते. याचाच उलटा उपयोग करून घ्या. एकाच पदार्थाची मजा पहिल्या काही घासांत सगळ्यात जास्त असते आणि नंतर घासागणिक कमी होत जाते, म्हणून एकावेळी एकच प्रकार घ्या, हळू खा, फोन बाजूला ठेवा, आणि चव बोथट झाली असं वाटलं की थांबा. पाच प्रकार समोर असले तर प्रत्येक वेळी नवी सुरुवात होते, बुफेमध्ये आपला अंदाज चुकतो तो यामुळेच.

ट्रीटला बक्षीस आणि खाण्याला शिक्षा करू नका. "आज पळालो म्हणून केक" किंवा "केक खाल्ला म्हणून उद्या दुप्पट पळणार", दोन्ही हिशोब तोट्याचे आहेत. ७० किलोच्या माणसाला एक किलोमीटर चालायला साधारण ५० कॅलरी लागतात, म्हणजे १०० ग्रॅमचं एक अख्खं चॉकलेट जाळायला दहा-अकरा किलोमीटर चालावं लागेल. व्यायाम करा, जरूर करा, तो हृदयासाठी, स्नायूंसाठी, झोपेसाठी, मूडसाठी आहे, खाल्लेलं फेडण्यासाठी त्याला वापरलं की व्यायामाचाच राग यायला लागतो.

मन उदास आहे, भांडण झालंय, कंटाळा आलाय, अशा वेळी जे खावंसं वाटतं ते ठरलेल्या ट्रीटमध्ये धरू नका, ते वेगळं प्रकरण आहे. अशा वेळी स्वतःला नाही म्हणायचं नाही, फक्त पंधरा मिनिटं थांबायचं. पाणी प्या, चक्कर मारा, कुणाला तरी फोन करा. साधं जेवण समोर आलं तर खाल का असं स्वतःला विचारा, उत्तर हो आलं तर खरी भूक आहे, जेवा. उत्तर नाही, मला तेच पाहिजे असं आलं तर ती क्रेव्हिंग आहे, ती लाट असते, थोड्या वेळाने ओसरते बऱ्याचदा. नाही ओसरली तर उद्याच्या किंवा परवाच्या ट्रीटमध्ये तिला लिहून ठेवा, अक्षरशः कागदावर लिहा, "शनिवारी हे खाणार", मन बरंच शांत होतं कारण कायमचं तोडलेलं नाहीये हे त्याला कळतं. सारखंच असं होत असेल तर झोप बघा आधी. झोप कमी पडली की भूक वाढते आणि त्यात गोड-तेलकटच हवंसं वाटतं. पाळीच्या आधीच्या दिवसांत ज्यांची भूक वाढते त्यांनी आठवड्याची ट्रीट त्याच दिवसांत टाकावी, उगाच त्याच आठवड्यात कडक राहायचा हट्ट कशाला.

लोकांचा आग्रह हा आणखी एक विषय. डाएटवर आहे असं सांगितलं की चर्चासत्र सुरू होतं, "एवढ्याने काय होतंय" वगैरे. "छान दिसतंय, पण आत्ता पोट भरलंय" एवढं म्हणून विषय संपवता येतो. आणि समारंभ आधीच माहीत असेल तर त्या आठवड्याची ट्रीट तिथेच ठेवा, मग आग्रह करणाऱ्यांशी भांडायची वेळच येत नाही. तिथे दारू असेल तर तिच्या एका ग्रॅम अल्कोहोललाही ७ कॅलरी असतात हे धरा, आणि दुसऱ्या ग्लासानंतर शेंगदाण्यांचा हिशोब कुणीच ठेवत नाही.

आता दुसऱ्या दिवसाबद्दल, माझ्या मते डाएट टिकतं की मोडतं ते इथे ठरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर उभं राहू नका. राहिलात आणि दीड किलो वाढलेलं दिसलं तर घाबरू नका, ती चरबी नाही. एका रात्रीत एक किलो चरबी वाढायला रोजच्या गरजेच्या वर ७७०० कॅलरी खाव्या लागतील, तेवढ्या तुम्ही खाल्लेल्या नाहीत. शरीर कार्बोहायड्रेट ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं, त्यात बाहेरच्या खाण्यातलं मीठ आणखी पाणी धरतं, आणि पोटात खाल्लेल्या अन्नाचं वजन असतंच. दोन-चार दिवसांत नेहमीच्या खाण्यावर ते उतरतं. डाएटच्या पहिल्या आठवड्यात जे भराभर उतरलं होतं त्यातही बरंचसं हेच पाणी होतं. म्हणून रोजचे आकडे बघण्यापेक्षा आठवड्याची सरासरी काढा.

आणि दुसऱ्या दिवशी नेहमीचा नाश्ता करा. उपास नको, फक्त ज्यूस नको, डिटॉक्स तर नकोच, लिव्हर आणि किडन्या ते काम रोज करत असतात. उपाशी राहिलात की संध्याकाळी परत तुटून पडणार, म्हणजे परत अपराधी वाटणार आणि परत उपास, या चक्रात लोक वर्षानुवर्षं अडकतात. ठरवलेल्यापेक्षा जास्त खाल्लं गेलं असेल तरी हेच, पुढचं जेवण नेहमीसारखं. सोमवारची वाट बघू नका, पुढचं जेवण चार तासांवर आहे.

हे सगळं सगळ्यांना जसंच्या तसं लागू होत नाही हेही सांगायला हवं. काही पदार्थ असे असतात की एक घास घेतला की थांबताच येत नाही, तुमचा असा एखादा असेल तर सध्या तो यादीतून बाहेर ठेवा, दुसरा निवडा, काही महिन्यांनी बाहेर चार लोकांत थोडा खाऊन बघा. डायबेटिस असेल आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ट्रीटचं प्रमाण आणि वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा, जेवण वगळून गोड खाण्याचा प्रयोग तर अजिबात नको. आणि जर थोड्या वेळात खूप जास्त खाल्लं जातंय, थांबणं हातात राहत नाहीये, लपून खाल्लं जातंय, नंतर खूप लाज वाटतेय, उलटी काढावीशी वाटतेय, असं वारंवार होत असेल तर तो शिस्तीचा प्रश्न नाही, त्याला उपचार आहेत, डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे जा आणि तोपर्यंत कॅलरी मोजणं बंद ठेवा. प्लीज हे मनावर घ्या, खूप लोक हे वर्षानुवर्षं एकट्याने सहन करतात.

तीन-चार आठवडे झाले आणि सरासरी हललीच नाही तर लगेच ट्रीट बंद करू नका. आधी बाकीचं तपासा, स्वयंपाकातलं तेल मोजून घालताय का अंदाजाने, चहा-कॉफीतली साखर धरली का, चव बघताना किती जातंय, सुट्टीच्या दिवशी जेवणाच्या वेळा सरकतात का. वजन आधीच बरंच उतरलं असेल तर लागणाऱ्या कॅलरीही कमी झाल्या असतील, १८०० चे आता १७०० करायला लागतील. हे सगळं बघूनही जागा कमी पडत असेल तर ट्रीटचा आकार थोडा लहान करा, स्कूप दोनाचा एक करा, पण दिवस तोच ठेवा.